वाचक विचारतात : घरच्या सीएनसीचा कंट्रोलर

या वेळच्या पत्रांत हौशी सीएनसी राउटरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर कापणाऱ्या मशीनच्या, कंट्रोलरबद्दल बरंच विचारलंय. कंट्रोलर म्हणजे फाइल वाचून मोटरना हुकूम देणारा भाग. सारखे प्रश्न एकत्र केलेत. उत्तरांतले आकडे प्रश्नातल्या मशीनचे आहेत, तुमच्या मशीनचे कागदावर मांडूनच वापरा.

प्रश्न : मी यंत्रमाग दुरुस्तीचं काम करतो. फावल्या वेळात लाकूड आणि ॲल्युमिनियम पट्टीसाठी ६०० बाय ४०० मिमीचा राउटर बांधतोय. तिन्ही अक्षांना १६ मिमी जाडीचा, ५ मिमी लीडचा बॉलस्क्रू आहे. नेमा २३ मोटर, १८.९ किलो-सेमी. ड्रायव्हर, म्हणजे मोटरला वीज देणारा डबा, डीएम५४२. कंट्रोलरपाशी गाडी अडली. कुणी अर्डुइनोचा छोटा बोर्ड म्हणतं, कुणी कॉम्प्युटरवरचं मॅक३ सॉफ्टवेअर, फर्निचरवाले हातात धरायचं डीएसपी हँडल म्हणतात. काय घेऊ? — अशोक चौक

उत्तर : आधी पल्सचा हिशोब, मग खरेदी. पल्स म्हणजे कंट्रोलर ड्रायव्हरला पाठवतो तो विजेचा ठोका, एका ठोक्याला मोटर एक पाऊल फिरते. स्टेपर मोटरची एक फेरी २०० स्टेपची. ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे आठ भाग) ठेवले, म्हणजे डिप स्विचचा तक्ता बघून १६०० लावलं, की एका फेरीला १६०० पल्स लागतात. एका फेरीत ५ मिमी सरकतं, म्हणजे १ मिमीला ३२० पल्स. लाकडात मिनिटाला ३००० मिमी हा वेग तुम्हाला भरपूर झाला. तो सेकंदाला ५० मिमी होतो, म्हणजे ५० गुणिले ३२०, सेकंदाला १६,००० पल्स. अर्डुइनो यूनोवर चालणारं ग्रबल हे कंट्रोलरचं सॉफ्टवेअर साधारण ३०,००० पल्सपर्यंत नीट देतं. तुमचं काम त्यात बसतं.

हाच ड्रायव्हर १६ मायक्रोस्टेपला लावलात तर ३२,००० पल्स लागतील आणि यूनो तिथेच दमेल. मायक्रोस्टेप दुप्पट केले की अचूकता दुप्पट होते, असं दुकानात सांगतात. तसं काही नाही. १ मिमीला ३२० म्हणजे एक स्टेप ०.००३ मिमीची. तुमचा बॉलस्क्रू सी७ दर्जाचा असणार, आणि त्यात ३०० मिमीमागे ०.०५ मिमीपर्यंत फरक चालवून घेतलेला असतो. तेव्हा ८ वरच राहा.

मॅक३ चांगलं होतं, पण त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही आणि आताच्या लॅपटॉपला प्रिंटर पोर्ट नसतो. मग यूएसबीचं किंवा इथरनेटचं मोशन कार्ड घ्यायचं, त्याचा प्लगइन टाकायचा. स्वस्त कार्डांत तो प्लगइन धड नसला की होमिंगपासून (मशीनने स्विच शोधून आपली सुरुवातीची जागा ठरवण्यापासून) रडगाणं सुरू. घरात जुना डेस्कटॉप पडून असेल तरच या वाटेला जा. लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर आणि मेसाचं इथरनेट कार्ड ही जोडी या सगळ्यांत सर्वांत सक्षम. लेथवर आटे पाडायचे, चौथा अक्ष लावायचा, स्पिंडलला (कटर किंवा जॉब फिरवणाऱ्या भागाला) एन्कोडर (फेऱ्या मोजणारा सेन्सर) बसवायचा, तर तीच घ्या. नुसत्या राउटरसाठी एवढं शिकायची गरज नाही. डीएसपी हँडलला कॉम्प्युटर लागत नाही, फाइल पेन ड्राइव्हवरून जाते, धुळीत टिकतं. सुतारकामाच्या दुकानाला ते बरोबर आहे. पण आतलं काही बदलता येत नाही आणि बिघडलं की अख्खं बदला.

आमच्या मते तुम्ही ईएसपी३२ चिपवर फ्लुइडएनसी सॉफ्टवेअर चालणारा बोर्ड घ्या. पल्सची चणचण राहत नाही, सगळी जोडणी एका मजकूर फाइलमध्ये लिहिलेली असते आणि पुढे गॅन्ट्रीला (कटर धरणाऱ्या आडव्या पुलाला) दोन बाजूंनी दोन मोटर लावल्यात तर होमिंगच्या वेळी दोन्ही वेगवेगळ्या थांबवून गॅन्ट्री काटकोनात आणता येते. एक गोष्ट मात्र विचारून घ्या : बोर्डावरचे स्टेप आणि डायरेक्शनचे आउटपुट ५ व्होल्टचे आहेत का? ईएसपी३२ स्वतः ३.३ व्होल्टवर चालतो आणि डीएम५४२ चं इनपुट ५ व्होल्टचं आहे. थेट जोडलं तर टेबलावर चालतं आणि मशीनवर मधूनच स्टेप गाळतं. मध्ये ७४एचसीटी२४५ सारखा, सिग्नल ५ व्होल्टवर चढवणारा बफर असलेलाच बोर्ड घ्यावा. पैसे कमी असतील तर यूनो आणि ग्रबल, त्यातही काही कमीपणा नाही.

प्रश्न : पॉलिटेक्निकला शिकतो. यूनोवर ग्रबल टाकलं, डॉलरच्या सेटिंगची यादी समोर आली आणि पुढे कळेना. कोणत्या क्रमाने भरायचं? — जुळे सोलापूर

उत्तर : कपलिंग (मोटर आणि स्क्रूला जोडणारा तुकडा) ढिलं करून, मोटर मोकळी फिरू देऊन सुरुवात करा. स्पिंडल बंद, कटर काढलेला. वीज चालू असताना मोटरची वायर काढायची किंवा लावायची नाही. ड्रायव्हर जाण्याचं सर्वांत सोपं कारण तेच.

मोटरच्या कॉइलच्या जोड्या ओळखायला मीटर नसला तरी चालतं. कुठल्याही दोन वायरी एकमेकींना जोडा आणि शाफ्ट बोटाने फिरवा. शाफ्ट जड लागला तर ती एक कॉइल. जोडी चुकली तर मोटर गुरगुरते, जागच्या जागी थरथरते, फिरत नाही. करंटचं म्हणाल तर २.८ ॲम्पियरच्या मोटरला डीएम५४२ वर २.८४ च्या खुणेवर सुरू करा. तो आकडा पीकचा असतो, त्यामुळे जोर कमी पडला तर ३.३१ वर जाता येतं. अर्ध्या तासाच्या कामानंतर मोटरवर हात ठेवता येत नाही, एवढ्याने घाबरू नका. स्टेपर ७० अंशांपर्यंत तापली तरी काम करते.

आता सेटिंग. $१००, $१०१, $१०२ मध्ये मिमीला किती पल्स ते भरा. वरच्या उत्तरातल्या हिशोबाने ५ मिमी लीडला ३२०. तुमचा ८ मिमी लीडचा टी८ स्क्रू असेल तर १६०० भागिले ८, म्हणजे २००. जीटी२ बेल्ट आणि २० दातांची पुली असेल तर फेरीला ४० मिमी, म्हणजे ४०. $१ ला २५५ द्या, नाहीतर थांबल्यावर मोटर सैल सुटते आणि झेड स्वतःच्या वजनाने खाली येतो. मग कपलिंग आवळा आणि दिशा तपासा : एक्स प्लसला कटर उजवीकडे, वाय प्लसला तुमच्यापासून लांब, झेड प्लसला वर. टेबल सरकत असेल तरी कटर जॉबच्या मानाने कुठे गेला तेच बघायचं. उलटं असेल तर $३ बदला, वायरी उचकू नका.

वेगासाठी $११० पासूनच्या तिन्हींना १००० द्या आणि $१२० पासूनच्या प्रवेगाला ५०. मूळ आकडा १० असतो, त्याने मशीन बैलगाडीसारखं निघतं. नंतर वेग ५०० ने वाढवत जा. मोटर किंचाळून थांबली की त्या आकड्याच्या ७० टक्क्यांवर या. मग प्रवेगाचं तसंच करा. बॉलस्क्रूच्या मशीनला १५० ते ३०० च्या दरम्यान कुठेतरी जमतं. दोन्ही एकदम वाढवलेत तर कशाने अडलं ते कळणार नाही.

लिमिट स्विच, म्हणजे अक्षाच्या टोकाला बसवलेले थांबे, शेवटी. ते नॉर्मली क्लोज्ड (न दाबता जोडलेले, दाबल्यावर तुटणारे) जोडा आणि $५ ला १ द्या. असं करून $२१ ने हार्ड लिमिट चालू ठेवलं की वायर तुटली तरी मशीन थांबतं. नॉर्मली ओपनमध्ये तुटलेली वायर गाडी आपटेपर्यंत कळतच नाही. आता हाताने एकेक स्विच दाबा आणि प्रश्नचिन्ह पाठवा. उत्तरात पीएनच्या पुढे त्या अक्षाचं अक्षर दिसलं पाहिजे, सोडल्यावर गेलं पाहिजे. झेडचा स्विच दिसत नसेल तर शील्डवरच्या छापील नावावर विश्वास ठेवू नका. जुन्या शील्डवर झेड लिमिट ११ नंबरच्या पिनला आहे आणि आताच्या ग्रबलमध्ये तिथे स्पिंडलचा पीडब्ल्यूएम, म्हणजे वेगाचा सिग्नल, असतो, लिमिट १२ वर गेलंय. हे जमलं की $२२ ला १ करून $एच द्या. हात एमर्जन्सी बटणावर ठेवा. अक्ष उलट्या बाजूला निघाला तर $२३. अलार्म ९ म्हणजे स्विच सापडलाच नाही, अलार्म ८ म्हणजे मागे सरकूनही स्विच सुटला नाही, तेव्हा $२७ मधलं अंतर १ वरून २ किंवा ३ करा. होमिंग खात्रीचं झाल्यावरच $१३० पासूनच्या तिन्हींत लांबी भरून $२० (त्या लांबीबाहेर न जाऊ देणारी मर्यादा) चालू करा.

प्रश्न : १०० मिमी सांगितलं तर ९८.७ सरकतं. ३२० चं ३२४.२ केलं की बरोबर येतं. हे चालेल का? — होटगी रोड

उत्तर : बेल्ट असता तर चाललं असतं. बॉलस्क्रूला नाही. स्क्रूच्या लीडमध्ये सव्वा टक्क्याची चूक नसते, चूक दुसरीकडे आहे आणि तुम्ही ती झाकताय. ३२० परत आणा आणि ३०० मिमी सरकवून बघा. २९८.७ आलं, म्हणजे तूट तेवढीच राहिली, तर कपलिंगचा ग्रब स्क्रू सैल आहे, नट हलतोय किंवा दिशा बदलताना ढिलाई खाल्ली जातेय. २९६.१ आलं, म्हणजे तूट तिप्पट झाली, तर धावताना स्टेप गळताहेत : वेग निम्मा करून परत मोजा. मोजताना दर वेळी एकाच बाजूने खुणेवर या आणि शक्य असेल तर डायल गेज लावा. स्टीलच्या पट्टीवर डोळ्याने अर्ध्या मिमीचा घोळ सहज होतो.

प्रश्न : सरळ कटिंग उत्तम होतं. पण देवघराच्या नक्षीचं दोन तासांचं काम केलं की जॉब एका बाजूला तीन-चार मिमी सरकलेला दिसतो. वेग कमी करून, करंट वाढवून पाहिलं. फरक शून्य. ५ मिमीचा बॉलस्क्रू, ग्रबल, डीएम५४२. — नीलम नगर

उत्तर : वेग कमी करूनही फरक पडत नाही, ही खूण महत्त्वाची. जोर कमी पडून स्टेप गळल्या असत्या तर वेग उतरवल्यावर चूक घटली असती. इथे चूक अंतराने नाही, दिशा किती वेळा बदलली त्याने वाढतेय. नक्षीत एक्स हजारो वेळा मागेपुढे होतो, सरळ कटिंगमध्ये मोजून चार वेळा.

होतं असं. दिशेचा सिग्नल पोचल्यावर ड्रायव्हरला स्टेप घेण्याआधी थोडी उसंत लागते, डीएम५४२ ला ५ मायक्रोसेकंद. ग्रबल दिशा आणि स्टेप जवळजवळ एकदमच पाठवतं. ड्रायव्हरच्या आतला ऑप्टोकपलर (उजेडातून सिग्नल पोचवणारा भाग) पेटायला चपळ आणि विझायला सुस्त असतो, म्हणून एका बाजूला वळताना दिशा वेळेत पोचते, दुसऱ्या बाजूला उशीर होतो आणि पहिली स्टेप जुन्याच दिशेने जाते. पुढे जायच्या ऐवजी मागे गेली, म्हणजे दर जा-ये फेरीला दोन स्टेपचा फरक. ५०० फेऱ्यांत १००० स्टेप, भागिले ३२०, सव्वातीन मिमीच्या आत-बाहेर. तुमचा आकडा त्याच घरातला आहे.

खात्रीसाठी छोटा जी-कोड (मशीनला द्यायच्या हुकमांची फाइल) लिहा : एक्स १ मिमी पुढे, १ मिमी मागे, ५०० वेळा. आधी आणि नंतर डायल गेज बघा. सरकलं तर $२ मध्ये त्या अक्षाचा बिट उलटा करा. एक्सचा १, वायचा २, झेडचा ४. तिन्ही उलटायचे तर ७. त्यामुळे ड्रायव्हर पल्सच्या दुसऱ्या कडेवर स्टेप घेतो आणि $० मधले १० मायक्रोसेकंद दिशेला आयतेच मिळतात. फ्लुइडएनसीमध्ये यासाठी दिशेच्या विलंबाची वेगळी नोंद आहे, लिनक्ससीएनसीतही आहे. तिथे १० मायक्रोसेकंद भरलं की प्रश्न मिटतो.

प्रश्न : वाड्याच्या खालच्या खोलीत मशीन आहे. व्हीएफडी (स्पिंडलचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) चालू केला की अलार्म १ (लिमिट स्विच लागल्याचा इशारा) येतो, कधी यूएसबीच तुटते. स्पिंडल बंद असला की दिवसभर ठीक. $२६ वाढवून पाहिलं. — साखर पेठ

उत्तर : $२६ फक्त होमिंगच्या वेळचं आहे, धावतानाच्या अलार्मशी त्याचा संबंध नाही. हा व्हीएफडीचा नॉइज आहे, आणि जुन्या वाड्यांत पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा. दोन पिनांच्या सॉकेटला तीन पिनांचा डबा लावलेला असतो आणि अर्थची पिन भिंतीत कुठेच जात नाही. वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन भेगाळेपर्यंत सुकते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. न्यूट्रललाच अर्थ समजून जोडणं जिवावरचं आहे, ते कुणी सुचवलं तरी करू नका.

अर्थ मिळाली की व्हीएफडी, मशीनची फ्रेम, कंट्रोल बॉक्स आणि स्पिंडलची बॉडी प्रत्येकी वेगळ्या वायरने एकाच पट्टीवर आणा. स्पिंडलची बॉडी मीटरने मुद्दाम तपासा : बऱ्याच स्वस्त स्पिंडलच्या कनेक्टरची चौथी पिन आत बॉडीला जोडलेलीच नसते. स्पिंडलची केबल चार कोरची शील्डेड हवी आणि ती लिमिटच्या वायरींपासून वेगळ्या वाटेने न्या. एकमेकींना छेदायच्या असतील तर काटकोनात. लिमिटलाही शील्डेड वायर घ्या, तिचं शील्ड फक्त बॉक्सच्या टोकाला अर्थ करा.

मग बोर्डापाशी या. यूनोचा आतला पुल-अप, म्हणजे पिन ५ व्होल्टला धरून ठेवणारा रोधक, दुबळा आहे. लिमिटच्या पिनेवरून ५ व्होल्टला २.२ किलो-ओहम आणि ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, पिनेच्या अगदी जवळ. २४ व्होल्टचे प्रॉक्झिमिटी सेन्सर असतील तर पीसी८१७ ऑप्टोकपलर मध्ये घालूनच, थेट नको. यूएसबी केबल मीटरभराचीच, फेराइट असलेली. एवढं करूनही तुटत असेल तर यूएसबी आयसोलेटर.

प्रश्न : जॉब चालू असताना लाइट गेली. अर्ध्या तासाने आली तर राउटर आपोआप फिरायला लागला, मशीन जागेवर उभं. मुलगा शेजारीच होता. काय उपाय? — विडी घरकुल

उत्तर : हाताच्या राउटरचा स्विच चालूच राहतो, म्हणून हे होतं. कंट्रोलरमध्ये यावर उपाय नाही, बाहेरच करायचा. मागाच्या मोटरला असतो तसा सिंगल फेजचा डीओएल स्टार्टर राउटर आणि ड्रायव्हरच्या एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) लाइनवर बसवा. वीज गेली की त्याची कॉइल सुटते आणि हिरवं बटण दाबेपर्यंत परत ओढत नाही. ॲम्पियर राउटरच्या पाटीवरून घ्या. भवताली मागाचं काम करणारा कुठलाही वायरमन हे तासाभरात करून देईल. एमर्जन्सीचं लाल मशरूम बटण त्याच कॉइलच्या वायरीत सिरीजमध्ये घाला. फक्त कंट्रोलरच्या पिनेला जोडलेलं एमर्जन्सी बटण कंट्रोलर हँग झाला की शोभेचं उरतं. व्हीएफडी असेल तर त्याच्या सेटिंगमधलं वीज आल्यावर आपोआप सुरू होणं बंद आहे ना, तेही बघा.

वीज आल्यावर जॉब पुढे चालू करायचा असेल तर आधी $एच. मोटर सुटलेली असते, जुनी जागा धरून चालू नका. जॉबचा शून्य बिंदू जी५४ मध्ये (ग्रबलच्या कायमच्या नोंदीत) साठवला असेल तर होमिंगनंतर तो जसाच्या तसा मिळतो.

प्रश्न : दुसऱ्याने बनवून दिलेल्या फाइलला एरर २० येते. आणि जी चालते ती गोलाईवर अडखळत चालते. — भवानी पेठ

उत्तर : एरर २० म्हणजे ग्रबलला तो कोड कळत नाही. बहुतेक वेळा टूल बदलायचा एम६, ड्रिलिंगचे जी८१, जी८३ किंवा जी४१, जी४२ असतात. फाइल दुरुस्त करत बसू नका, कॅममध्ये (फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पोस्ट प्रोसेसर, म्हणजे कुठल्या कंट्रोलरसाठी फाइल काढायची ती निवड, ग्रबलचा निवडून परत काढायला सांगा.

अडखळण्याचं कारण जरा मजेदार आहे. नक्षी विणणाऱ्या जकार्डला एका वेळी एकच भोकांचा पुठ्ठा कळतो, पुढचा कोणता येणार याची त्याला फिकीर नसते. ग्रबल तसं नाही. ते पुढच्या पंधराएक ओळी बघून ठेवतं आणि त्या संपायच्या आत थांबता येईल एवढाच वेग घेतं. तुमच्या फाइलमध्ये गोलाईचे ०.०२ मिमीचे तुकडे असतील तर पंधरा ओळी म्हणजे जेमतेम ०.३ मिमी. प्रवेग २०० असेल तर तेवढ्यात थांबायला वेग मिनिटाला ६५० मिमीच्या वर जाऊच शकत नाही. शिवाय कॉम्प्युटरकडून ग्रबलला १,१५,२०० बॉड या वेगाने सेकंदाला साडेअकरा हजार अक्षरं जातात. ओळ २५ अक्षरांची धरली तर ४६० ओळी, म्हणजे मिनिटाला साडेपाचशे मिमी. तुम्ही वेगासाठी एफ३००० लिहा नाहीतर एफ५०००, मशीन यापुढे जाणार नाही. कॅममध्ये टॉलरन्स ०.०५ करा, गोलाई जी२, जी३ या कमानीच्या हुकमांनी काढा, दशांशानंतर तीनच आकडे ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी तासाभराने मशीन आपोआप मंदावतं, थांबतं. बॉक्स शेजारच्या मागाच्या शेडमध्ये आहे. — अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : झाकण उघडा, पंख्यावर आणि ड्रायव्हरच्या पंखांवर कापसाची कुई (बारीक तंतू) साचलेली असेल. ती तेलकट हवेने नमद्यासारखी चिकटते. ब्रशने काढा, हवा मारायची तर वीज बंद करून. बाहेर ४२ अंश असताना बंद डब्यात ५५ सहज होतात आणि बहुतेक एसएमपीएस ५० अंशांनंतर पूर्ण ताकद देत नाहीत. पंखा हवा आत ढकलणारा लावा, त्याच्यापुढे फिल्टर, आणि वरच्या बाजूला बाहेर पडायला जाळी. हवा बाहेर ओढणारा पंखा प्रत्येक फटीतून कुई आत घेतो. ३६ व्होल्टचा एसएमपीएस गरजेपेक्षा ३० टक्के मोठा घ्या. डीएम५४२ ची कमाल ५० व्होल्टची आहे, म्हणून जोर हवा म्हणून थेट ४८ वर जाऊ नका : जड गॅन्ट्री अचानक थांबते तेव्हा मोटर उलट वीज ढकलते आणि उरलेले दोन व्होल्ट पुरत नाहीत.

प्रश्न : याच मशीनला लेसर लावून टॉवेलवर नावं आणि रेक्झिनचे पाऊच कापायचे आहेत. ग्रबलमध्ये काय बदलू? — शेळगी

उत्तर : $३२ ला १ द्या, $३० मधला आकडा आणि सॉफ्टवेअरमधली एसची (लेसरच्या ताकदीच्या आकड्याची) कमाल सारखी ठेवा, दोन्हीकडे १००० असलं की झालं. लेसर चालू करायला एम३ ऐवजी एम४ वापरा, म्हणजे कोपऱ्यावर वेग उतरला की लेसरची ताकदही उतरते आणि कोपरे काळे पडत नाहीत. टॉवेलवरच्या धाग्यांच्या वेटोळ्यांना लगेच धग लागते, म्हणून ताकद कमी, हवेचा झोत चालू आणि मशीन सोडून जायचं नाही. लेसर ४५० नॅनोमीटरचा असेल तर चष्मा त्याच तरंगलांबीचा हवा, नुसती नारिंगी काच चालत नाही.

रेक्झिन लेसरवर ठेवूच नका. बाजारातलं बहुतेक रेक्झिन पीव्हीसीचं असतं, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसाला लागतो आणि तुमचे बॉलस्क्रू, रेल आठवड्यात गंजवतो. पाऊच कापायला कोलेटमध्ये (कटर धरणाऱ्या चिमट्यात) ड्रॅग नाइफ (ओढत कापणारी पाती) धरा, व्हीएफडीची वीज काढून ठेवा आणि झेड ०.२ मिमीने उतरवत दोन-तीन फेऱ्यांत कापा.